झाकण माझं होतं

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या बाईला लोक थंडाबाई म्हणायचे, यात तसं विशेष काही नाही. गंमत एवढीच की बाईंचा स्वभाव विस्तवासारखा होता. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकानाबाहेर उघडे पडलेले जुने फ्रीज रांगेने उभे असायचे, आणि आतून बाईंचा आवाज यायचा. गल्लीतले म्हणायचे, बाई नुसत्या ओरडल्या तरी निम्मे कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतात. थंडाबाई हे नाव तोंडावर कुणी घेत नसे, पण बाईंच्या कानावर ते कधीच गेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही.

दुकान मूळचं नवऱ्याचं. तो परदेशी नोकरीला गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग फक्त निरोप यायचे, मग तेही आटले. नातेवाईक जमले आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, दुकान विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई बोलल्या, "माझा मुलगा गेला तेवढा पुरे. आता दुकान कशाला घालवता?" त्या दिवसापासून सासूबाई गल्ल्यावर बसल्या आणि सुनेने पाना हातात घेतला. नवऱ्याला हत्यारं देता देता तिने काम डोळ्यांनी शिकून घेतलंच होतं. उरलेलं हात भाजून शिकली.

शहराच्या टोकाला, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, एक छोटा सरकारी दवाखाना होता. तिथला लसींचा फ्रीज बाईच बघायच्या. एकदा गेल्या तर तिथली नर्स, जिला सगळे सिस्टरच म्हणायचे, लसींच्या बाटल्या एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. आदल्या दिवशी वीज गेली होती ती उशिरा आली.

"सगळ्याच टाकायच्या?" बाईंनी विचारलं.

"तापल्या ना. गेल्या महिन्यात बर्फात ठेवल्या तर गोठल्या, तेव्हाही टाकल्या. लस तापली तरी मेली, गोठली तरी मेली," सिस्टर म्हणाली. "तुम्ही फ्रीज दुरुस्त करता बाई, पण वीज नसताना दुरुस्त फ्रीज काय कामाचा?"

हे बाईंना लागलं. आपण इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, त्या यंत्राचा दोष कुणीतरी असा एका वाक्यात सांगावा, हे त्यांना सहन होईना. वीज नसतानाही थंड राहील आणि तरी गोठवणार नाही अशी पेटी करायचीच, असं त्यांनी बसमध्येच ठरवून टाकलं. कशी करायची ते अर्थातच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलेला माणूस त्यांना तांत्रिक महाविद्यालयात भेटला. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर बंद पडला म्हणून त्यांना बोलावलं होतं. फ्रीजर भिंतीला चिकटवून ठेवलेला पाहून बाईंनी आधी सगळ्यांना झापलं, मग कामाला लागल्या. आत मेणासारख्या पांढऱ्या द्रव्याच्या पिशव्या होत्या. हे काय म्हणून विचारलं, तर चष्मेवाले, हळू बोलणारे प्राध्यापक पुढे आले. हे द्रव्य पाच अंशांवर गोठतं, म्हणाले. एकदा गोठलं की वितळायला खूप वेळ घेतं, आणि वितळत असताना आसपासचं सगळं पाच अंशांवरच धरून ठेवतं. त्यावर त्यांचे पुष्कळ लेख छापून आले होते.

"मग कुणी वापरतं का हे?" बाईंनी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. "अजून तरी नाही."

"लेख वाचून लस थंड राहत नाही, सर."

दुसरा कुणी असता तर दुखावला असता. सरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा. लसीचं काय ते सांगा."

सरकारची एक योजना आहे हे सरांनाच माहीत होतं. संशोधन करणारी संस्था आणि एखादा छोटा उद्योग यांनी मिळून काही नवं करायचं, खर्च सरकार उचलणार. पहिल्या टप्प्यात वस्तू करून तपासायची. जमली तर दुसऱ्या टप्प्यात ती मोठ्या प्रमाणावर करायची. एकट्या संस्थेला पैसे नाहीत, एकट्या दुकानदारालाही नाहीत. दोघांनी हात मिळवले तरच.

"म्हणजे लग्नासारखं," हे ऐकून सासूबाई दुकानातल्या गल्ल्यावरून म्हणाल्या. "नीट बघून करा."

पहिल्या टप्प्याची मंजुरी आली आणि दोघांची भांडणं सुरू झाली. पेटी अशी करायची की वीज असताना आतल्या पिशव्या गोठतील आणि वीज गेली की त्याच पेटी गार धरतील. भिंतीत फोम किती, पिशव्या कुठे, पत्रा कुठला. सर मोजून बोलायचे, बाई ठोकून. पण दोघांनाही त्यात मजा येत होती. झाकणाच्या वेळी मात्र जरा जास्तच ठिणग्या उडाल्या. सरांचं म्हणणं, बिजागरी नकोच. झाकण वरून नुसतं बसवायचं, त्याच्या वजनानेच ते घट्ट राहील.

बाई हसल्या. "सर, पातेल्यावरची ताटली नाही ही. पेटी म्हटली की बिजागरी आली, कडी आली. पत्र्याचं काम माझं, तुम्ही तुमचं मेण सांभाळा."

सर आपल्या पिशव्यांकडे वळले. पेटीला बाईंनी मजबूत बिजागरी लावली, पुढे कडी लावली, कडेने रबरी पट्टी बसवली. दुकानात प्रत्येक पेटी बंद करून झाकणाखाली कागदाचा तुकडा अडकवला आणि ओढून पाहिला. कागद फाटला पण निघाला नाही. बाई खूश.

पेट्या वेगवेगळ्या दवाखान्यांत ठेवल्या. खऱ्या लसी जुन्याच फ्रीजमध्ये, पेटीत नुसत्या पाण्याच्या बाटल्या आणि तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र. थंडीचे दिवस छान गेले. ऊन तापायला लागलं आणि आकडे बिघडायला लागले. काही पेट्या ठरल्याप्रमाणे थंड राहत होत्या, काही वीज गेल्यावर दुपार संपायच्या आत कोमट होत होत्या. लसी असत्या तर कचऱ्यात गेल्या असत्या.

बाईंनी सरळ महाविद्यालय गाठलं. "तुमचं मेण दगा देतंय."

"प्रयोगशाळेत तर देत नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणून बाई ताडताड निघून आल्या.

सरांनी वाद घातला नाही. पिशव्या परत मागवल्या, पुन्हा पुन्हा गोठवल्या, वितळवल्या. मेणात खोट निघाली नाही. इकडे बाईंनी सिस्टरच्या दवाखान्यात एक आख्खा दिवस तळ ठोकला. खोली पत्र्याच्या छपराची, खिडकी पश्चिमेकडची, त्यामुळे आत भट्टी. पेटीच्या मागच्या बाजूला हात नेला, तेव्हा बोटांना गार वारा लागला. अगदी बारीक, पण गार.

बाईंनी खिशातून कागद काढला. झाकण उघडलं, पुढच्या बाजूला कागद धरून बंद केलं, ओढलं. निघाला नाही. मागे, बिजागरीच्या बाजूला धरला आणि ओढला. लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

मग सगळंच लख्ख दिसलं. उष्णतेने रबरी पट्टी बसली होती, चपटी झाली होती. पुढे कडी झाकणाला खाली ओढत होती, म्हणून तिथे फट नव्हती. मागे बिजागरी आपल्या जागी ठाम. ती मजबूत होती, बाईंनी निवडून लावलेली होती, म्हणून झाकणाला जरासुद्धा खाली येऊ देत नव्हती. पातेल्यावरच्या ताटलीसारखं झाकण असतं तर पट्टीबरोबर तेही खाली बसलं असतं.

"काय झालं बाई?" सिस्टरने विचारलं.

"माझं डोकं झालं," बाई म्हणाल्या. परत येताना त्यांनी बसमध्ये कुणालाच झापलं नाही. कंडक्टरलाही चुकल्यासारखं वाटलं.

सरांकडे जाऊन त्यांनी एका दमात सांगून टाकलं. झाकण माझं, चूकही माझी, त्या दिवशी अंगण वाकडं म्हटलं ते मागे घेते. सर हसतील किंवा रागावतील असं त्यांना वाटलं होतं. सर चिंतेत पडले.

"पंधरवड्याने समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या टप्प्याचा निर्णय तिथे. नियम असा आहे की छोट्या भागीदाराचं काम कमी पडलं, तर त्याच्या जागी दुसरा भागीदार घेता येतो. शीतपेट्या करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचा माणूस दोनदा विचारून गेलाय."

"मग?"

"सगळ्या पेट्यांची सरासरी काढली तर आकडा बरा येतो. लिहायचं, बहुतांश ठिकाणी समाधानकारक. त्यात खोटं काही नाही. झाकण आपण दुसऱ्या टप्प्यात बदलून टाकू. बाई, हे मी तुमच्यासाठीच म्हणतोय."

"माझ्यासाठी म्हणता हे कळतंय मला. म्हणूनच राग येतोय," बाई म्हणाल्या. "सिस्टरच्या खोलीतली पेटी तापली, ती सरासरीने गार होणार आहे का?"

घरी सासूबाईंनाही सरांचंच पटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "आपणहून कोण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं?"

"आणि कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का, आई? अहवालात समाधानकारक लिहिलं की सरकार हजार पेट्या करून घेईल माझ्याच झाकणाच्या. मग उन्हाळा येईलच ना?"

"दुकानाला त्या कामाची गरज आहे."

"आहे. पण फसवून घेतलेलं काम दुकानात ठेवू कुठे मी?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. दोन दिवस त्या घरात भांडी आपटत होत्या.

बैठकीचं सभागृह इतकं गार होतं की समितीतले अर्धे लोक हात चोळत होते. एसीच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, हे बाईंच्या आत शिरताच लक्षात आलं, पण आज त्या वेगळ्या कामाला आल्या होत्या. काखेत त्यांनी पेटीचं झाकण घेतलं होतं, बिजागरी-कडीसकट, पेटीच्या कापून काढलेल्या वरच्या चौकटीसह. दारावरच्या शिपायाने ते बाहेर ठेवायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेबांच्या हातातली बॅग ठेवलीत का बाहेर? मग हेही आत जाईल." ते आत गेलं.

कारखान्याचा माणूस मागच्या रांगेत बसला होता. सरांनी पेटीची माहिती दिली, द्रव्य कसं काम करतं ते सांगितलं. आकड्यांपाशी आल्यावर त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि थांबले. बाई उठल्या, झाकण समितीच्या टेबलावर ठेवलं, मधोमध.

"पुढचं मी सांगते. सरांचं द्रव्य पास झालं. माझं झाकण नापास झालं. झाकण माझं होतं. बिजागरी नको असं सरांनी आधीच सांगितलं होतं, मी त्यांना हसले." मग कागद काढून त्यांनी सगळ्यांसमोर दाखवलं, पुढे अडकतो कसा आणि मागे निसटतो कसा.

समितीचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे प्रकल्प फसला, असं तुमचं म्हणणं?"

"पेटी फसली. प्रकल्प कसा फसेल? तुम्ही पैसे प्रयोगासाठी दिलेत. प्रयोग झाला, का फसला तेही कळलं. आता पुढच्या माणसाला ही चूक फुकटात टाळता येईल."

"पण बाई, दुसरा टप्पा यशस्वी प्रकल्पांसाठी असतो."

"मग साहेब, तुमच्याकडे सगळे यशस्वी होऊनच येत असतील. आजवर इथे उभं राहून कुणी सांगितलं का, आमचं फसलं म्हणून?"

समितीच्या टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका वयस्क बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "मी बरीच वर्षं बसतेय इथे. एकानेही नाही."

"इतके सगळे प्रयोग आणि एकही फसला नाही? माझ्या दुकानात तर रोज काहीतरी फसतं. लोकांच्या पैशाने शिकायचं आणि शिकलेलं लोकांपासूनच झाकून ठेवायचं, हे मला जमणार नाही. अहवालात खोलीवार आकडे येतील. नाहीतर माझी सही येणार नाही."

मागून कारखान्याचा माणूस उठला. आवाजात साखर. "बाईंचा प्रामाणिकपणा मोठा आहे. झाकणाचं आम्ही पाहू. आमच्याकडे यंत्रं आहेत."

"यंत्रं आहेत तुमच्याकडे, चांगलंच आहे," बाई म्हणाल्या. "पण चूक माझी आहे, तेव्हा दुरुस्तीही मीच करणार. स्वतःची चूक कबूल केली म्हणून माणसाला बाहेर काढायचं असेल, तर नियमात तसं लिहा. म्हणजे पुढच्या वेळी सगळे आधीच खोटं बोलायला मोकळे."

अध्यक्षांनी सरांना विचारलं, तुमचं काय मत. सर हळू बोलणारे, त्या दिवशी आणखीच हळू बोलले, पण ऐकू आलं सगळ्यांना. "सरासरीचा तक्ता मी मागे घेतो. खोलीवार आकडे माझ्याकडे आहेत, ते आत्ता दाखवतो. आणि भागीदार बदलायची माझी तयारी नाही."

दुसरा टप्पा मिळाला नाही. निर्णय त्याच संध्याकाळी कळला. महाविद्यालयाच्या संचालकांनी सरांना बोलावून घेतलं आणि बरंच सुनावलं. गल्लीत दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. कुणी म्हणे बाईंनी नाक राखलं, कुणी म्हणे नाक राखून पोट भरत नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "काय बोललीस तिथे?" सुनेने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईकांना स्वतःच सांगायला लागली, थोडं तिखटमीठ लावून. तिच्या सांगण्यात अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहायचे.

बाईंच्या डोक्यातून झाकण जात नव्हतं. दिवसा लोकांचे फ्रीज, आणि मधल्या रिकाम्या वेळात पत्रा, कात्री, फोम. सर सुट्टीच्या दिवशी यायचे आणि स्टुलावर बसून रबराच्या पट्ट्या दाबून मोजायचे. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "सर, तुम्हाला घरचे काही म्हणत नाहीत का?" नवं झाकण बिजागरीशिवायचं झालं. खोल, जड, वरून बसणारं, चारही बाजूंनी सारखं दाबणारं. बाईंनी त्याचं नावच ताटली ठेवलं. सरांनी त्यावर एकदाही शेरा मारला नाही. बाईंच्या मते हा सरांचा सगळ्यात मोठा गुण.

पुढच्या उन्हाळ्यात ताटलीची पेटी सिस्टरच्या भट्टीत ठेवली. वीज सकाळीच गेली आणि दिवसभर आली नाही. दवाखाना बंद करायची वेळ झाली तेव्हा सिस्टरने बाटली काढून बाईंच्या गालाला लावली. गार होती.

दरम्यान समितीतल्या त्या वयस्क बाईंनी आत बसून आपली लढाई चालवली होती. योजनेच्या नियमात एक कलम वाढलं. प्रयोग फसला तरी, तो का फसला हे नीट दाखवलं, तर पुन्हा अर्ज करता येईल, आणि असे सगळे अहवाल लोकांना वाचायला खुले राहतील. बाई आणि सर समितीसमोर पुन्हा उभे राहिले. या वेळी दुसरा टप्पा मिळाला. त्याच सुमारास कुठल्यातरी दूरच्या गावातून एका कारागिराचा फोन आला. तो मासळीच्या पेट्या करायचा. "तुमचा फसलेला अहवाल वाचला," म्हणाला. "माझीही मागूनच गळत होती. दोन वर्षं मी फोमला शिव्या देत होतो." बाई त्याच्याशी तासभर बोलल्या. शेवटी त्याचंही काही चुकत होतं ते काढून त्याला झापलंच.

खुला अहवाल कारखान्यानेही वाचला. त्यांनीही बिनबिजागरीची पेटी काढली, बाईंच्या पेटीपेक्षा स्वस्त. लोक म्हणाले, बघा, गेलं ना हातचं. बाई म्हणाल्या, "लस गार राहते ना? मग राहू दे. त्यांची पेटी बिघडली की दुरुस्तीला माझ्याकडेच आणतील, आणि मी करूनही देईन." त्या पेट्या खरोखरच येतात. बाई त्या दुरुस्त करतात, आणि करताना काय काय बोलतात ते लिहिण्यासारखं नाही.

आता दुकानाशेजारचा गाळाही त्यांनी घेतलाय. तिथे पेट्या होतात. कामाला चार बायका आहेत आणि चौघींनाही बाईंचा आवाज सवयीचा झालाय. परवा सिस्टर स्वतः आली. पेटी चांगली आहे, म्हणाली, पण ताटली उचलायला दोन माणसं लागतात आणि मी असते एकटी. एका हातात टोचायला आणलेलं लेकरू, दुसऱ्या हाताने उचलू कशी?

बाईंनी आधी वाद घातला. वजनामुळेच तर घट्ट बसते, हलकी केली की पुन्हा फट. सिस्टर ऐकेना. ती म्हणाली, "तुम्ही उचलून दाखवा, एका हाताने." बाईंनी उचलून पाहिली. निम्म्यावर जाऊन ताटली परत खाली बसली. चौघी बायका दुसरीकडे बघायला लागल्या.

सरांच्या महाविद्यालयातला नवा कारकून तिथेच बसून दुसऱ्या टप्प्याचा अहवाल लिहून घेत होता. तो म्हणाला, "बाई, हे नको घालूया. आता पैसे मिळालेत, उगाच तक्रारी कशाला लिहायच्या?"

"पैसे मिळालेत म्हणूनच लिहायच्या," थंडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पत्र्याची कात्री मागितली.